परतीची गाडी किती वाजता?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरची भाषा नको." म्हणून मी विषय निवडलाय तो रांगेचा. कॅन्सरच्या रुग्णाला दाखल न होता, येऊन-जाऊन उपचार घेताना जी वाट पाहावी लागते, ती कशामुळे लागते आणि कमी कशी करता येते, हे मला सांगायचंय. स्नेहमेळाव्याच्या दिवशी हा विषय जरा जड वाटेल. पण आपण आता अशा वयात आलोय की, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची फाईल काखेत धरून रुग्णालयाच्या बाकावर दिवस काढलेले आहेत. काहींनी स्वतःचीही फाईल धरली आहे. तेव्हा विषय परका नाही.

आमची टीम रुग्णालयांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर तयार करते. त्यातलं एक काम एका ट्रस्टच्या रुग्णालयातल्या केमोथेरपी डे-केअरचं होतं. नाव सांगत नाही, कारण तिथे जे पाहिलं ते कमी-अधिक फरकानं अनेक ठिकाणी दिसतं.

डे-केअर म्हणजे एक मोठा हॉल, त्यात आरामखुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड. रुग्ण सकाळी येतो, खुर्चीवर बसून औषध घेतो आणि संध्याकाळी घरी जातो. सोय चांगलीच आहे. रात्री आपल्या अंथरुणावर झोपता येतं. पण घरी जायचं म्हणजे दर वेळी घरून यायचंही आलं. सोबत एक माणूस आला. त्या माणसाची रजा किंवा त्या दिवसाची मजुरी गेली. असं एकदा नाही, महिनोन् महिने.

आता रुग्णाचा दिवस कसा जातो ते पाहा. आधी नोंदणीच्या खिडकीवर केस पेपर. मग रक्त द्यायचं, कारण पेशी मोजल्याशिवाय केमो देत नाहीत. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल्स साधारण १५०० च्या वर आणि प्लेटलेट्स एक लाखाच्या वर हव्यात, असा बऱ्याच औषधांसाठी ढोबळ नियम आहे. शेवटचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. रिपोर्ट आला की डॉक्टरांच्या दारात रांग. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून असतील, तर आरोग्यमित्राच्या टेबलावर मंजुरीचे कागद. मग फार्मसी. केमोचं औषध रुग्णाची उंची आणि वजन धरून, काचेच्या बंदिस्त कपाटात हात घालून, प्रत्येकासाठी वेगळं मिसळतात. ते महाग असतं आणि एकदा मिसळलं की बरीचशी औषधं फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांचा 'हो' आल्याशिवाय फार्मासिस्ट बाटली उघडत नाही. त्यानंतर खुर्ची. मग सिस्टर शीर शोधणार, उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून आधीची इंजेक्शनं देणार, आणि त्यानंतर खरं औषध.

सहा-सात टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र रांग. पण शेजारच्या टप्प्यावर काय चाललंय हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपापल्या परीनं रुग्णाला एकच सल्ला देतो, "उद्या लवकर या." सगळे तेच ऐकतात. मग सकाळी सात वाजता जिन्यापर्यंत माणसं बसलेली असतात.

यातली खरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण, औषधांच्या वेळेत आहे. मायलोमासाठीचं बोर्टेझोमिब हे कातडीखाली द्यायचं इंजेक्शन, ते काही सेकंदांत देऊन होतं. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड किमान १५ मिनिटं चालतं. पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला घेत असाल तर १ तास, तीन आठवड्यांनी घेत असाल तर ३ तास. ट्रॅस्टुझुमॅबला पहिल्यांदा ९० मिनिटं, आणि नीट सोसलं तर पुढच्या वेळी ३०. रिटुक्सिमॅब पहिल्यांदा देताना वेग अगदी हळूहळू वाढवतात, त्याला चार ते सहा तास सहज जातात. पंधरा मिनिटांपासून सहा तासांपर्यंतची ही माणसं, आणि सगळ्यांच्या कार्डावर वेळ एकच: सकाळी ८.

आपल्या शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं हातानं करणारे सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्ही जूनमध्ये मोठ्या कागदावर पेन्सिलनं रकाने आखून बसायचात, ते आम्ही खिडकीतून पाहायचो. प्रयोगशाळा एक, वर्ग अनेक. एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांवर जाऊ शकत नाही. आणि जोडतास आधी बसवायचे, कारण सुटा तास कुठेही मावतो, जोडतासाला शेजारशेजारच्या दोन जागा लागतात. पुढे इंजिनिअरिंगला मी हेच मोठमोठ्या नावांखाली शिकले. डे-केअरचं कोडंही हेच आहे. खुर्च्या म्हणजे वर्ग, सिस्टर म्हणजे शिक्षक, सहा तासांचं औषध म्हणजे जोडतास. फरक इतकाच की, शाळेत घंटा सगळ्यांसाठी एकदम वाजते, इथे प्रत्येकाचा तास वेगळ्या लांबीचा, आणि रक्ताचा रिपोर्ट आला की कुणाला तरी ऐन वेळी सांगावं लागतं, "आज तुमचा तास नाही."

पहिली गोष्ट आम्ही मोजली ती सिस्टरांचा वेळ. सगळ्यांना वाटायचं, खुर्च्या कमी पडतात. एक साधा हिशेब सांगते. समजा चार सिस्टर आहेत आणि एका रुग्णाला सुरुवात करून द्यायला एका सिस्टरची पूर्ण १५ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १६ रुग्णांची सुरुवात होऊ शकते, त्याहून जास्त नाही. आठ वाजता ३० जणांना बोलावलं, ३० खुर्च्या रिकाम्या असल्या, तरी शेवटच्या दोघांकडे सिस्टर पावणेदहाला पोहोचणार. आणि या पावणेदोन तासांत आधीच्यांपैकी कुणाची बाटली संपली, कुणाला थंडी वाजून आली, तर तिकडे कोण धावणार? आणखी दहा खुर्च्या आणल्या असत्या तर फक्त खुर्चीत बसून वाट पाहणारे वाढले असते.

दुसरी गोष्ट दिवसांची. बरीचशी केमो दर २१ दिवसांनी असते. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. जो सोमवारी सुरू झाला तो कायम सोमवारीच येणार. मोठ्या डॉक्टरांची ओपीडी सोमवारी आणि गुरुवारी असेल, तर त्यांचे सगळे रुग्ण त्याच दोन दिवशी केमोला येतात. बुधवारी हॉल अर्धा रिकामा आणि सोमवारी पाय ठेवायला जागा नाही. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी जी तारीख पडली ती पुढे चालत राहिली.

रांगांचं गणित मात्र नवं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ मध्ये त्याची सुरुवात केली; कॉल करणाऱ्याला किती वेळ थांबावं लागेल हा त्याचा प्रश्न होता. ट्रंक कॉल लावून बसलेली पिढी इथे आहे, त्यांना तो पटकन कळेल. १९५२ मध्ये नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं हे गणित रुग्णालयाच्या ओपीडीला लावलं. त्याचा सल्ला साधा होता: सुरुवातीला दोन रुग्ण बोलवा, म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत, आणि पुढच्यांना एका रुग्णाला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतरानं वेळा द्या. सगळ्यांना एकदम बोलावण्यापेक्षा वाट कितीतरी कमी होते, आणि डॉक्टरांचा वेळ फारसा वाया जात नाही.

या गणितातला एकच आकडा आज लक्षात ठेवा. समजा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी १० मिनिटं देतात, आणि रुग्ण मनाला येईल तेव्हा येतात. डॉक्टर त्यांच्या वेळेपैकी ८० टक्के कामात असतील, तर सर्वांत साध्या सूत्राप्रमाणे रुग्णाला सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के कामात असतील तर दीड तास. ९५ टक्के असतील तर तीन तास दहा मिनिटं. म्हणजे डॉक्टरांचे शेवटचे पाच टक्के वसूल करायला प्रत्येक रुग्णाची वाट दुपटीहून जास्त वाढते.

हे मी रुग्णालयाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा तिथले व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, खुर्ची रिकामी ठेवणं मला परवडत नाही." ते वाईट गृहस्थ नव्हते. ट्रस्टचे पैसे लोकांच्या देणग्यांमधून येतात, आणि त्यांच्या महिन्याच्या अहवालात 'खुर्ची किती तास वापरली' असा एक रकाना होता. 'रुग्ण किती तास थांबला' असा रकानाच नव्हता. रिकाम्या खुर्चीची नोंद होत होती, थांबलेल्या माणसाची होत नव्हती.

म्हणून पुढच्या बैठकीत मी एकाच दिवसाचा तक्ता नेला. प्रत्येक रुग्णाची एक आडवी ओळ. आल्यापासून जाईपर्यंतचा वेळ करडा आणि प्रत्यक्ष औषध चालू असलेला वेळ हिरवा. कागदभर करडा रंग. त्यात एका बाईंची ओळ होती: सकाळी सात दहाला आल्या, दुपारी तीन पाचला गेल्या, औषध १५ मिनिटांचं. व्यवस्थापकांनी त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "एवढ्यासाठी दिवसभर?" मी म्हटलं, "आणि सोबत मुलगा होता, त्याचाही दिवस." त्यानंतर अहवालात तो रकाना आला. माझ्या मते आमच्या सगळ्या कामातला सर्वांत मोठा बदल तो होता. पुढचं सगळं त्यातून निघालं.

काय केलं ते थोडक्यात सांगते. रक्ताची तपासणी एक-दोन दिवस आधी, रुग्णाच्या गावाजवळच्या चांगल्या लॅबमध्ये. रिपोर्ट मोबाईलवरून येतो, आदल्या दुपारी डॉक्टर आणि सिस्टर यादी पाहतात, फोन करून ताप, जुलाब, तोंड येणं विचारतात. ज्यांचं 'हो' आहे त्यांचं औषध सकाळी फार्मसीत तयार व्हायला लागतं. ज्यांच्या पेशी कमी आहेत त्यांना घरीच कळतं. शंभर किलोमीटर येऊन 'परत जा' ऐकावं लागत नाही. ज्यांना डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणं गरजेचं आहे, त्यांना अर्थातच तशीच वेळ देतात.

लांब औषधं सकाळी आधी बसवली, जोडतासासारखी. दर पंधरा मिनिटांना सिस्टर जितक्या सुरुवाती करू शकतात तितक्याच वेळा दिल्या. छोट्या इंजेक्शनांसाठी दोन खुर्च्या वेगळ्या काढल्या, म्हणजे पंधरा मिनिटांच्या माणसाला सहा तासांच्या माणसामागे थांबायला नको. नवीन रुग्णाची पहिली तारीख देतानाच मोकळा वार पाहायला सुरुवात केली. आणि रोज दोन-तीन जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, कारण कुणाला रिॲक्शन येणार, कुणाची शीर सापडणार नाही, हे ठरलेलंच असतं.

पण सगळ्यांत उपयोगी रकाना आमच्या डोक्यातून आलेला नाही. डे-केअरच्या मुख्य सिस्टरकडे एक वही होती. त्यात प्रत्येक नावापुढे त्या काहीतरी लिहायच्या. 'शीर अवघड.' 'घाबरतात, मुलगी जवळ असू दे.' 'पाचची शेवटची एसटी.' कुणाला आधी घ्यायचं हे त्या या वहीवरून ठरवत आणि त्यावरून बोलणीही खात, कारण बाहेर बसलेल्यांना तो वशिला वाटायचा. आम्ही ती वही समोर ठेवून सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना वाढवला: परतीची गाडी किती वाजता? ज्याची गाडी साडेदहाला पोहोचते त्याला आठची वेळ देऊन उपयोग नाही. ज्याची शेवटची एसटी पाचला सुटते त्याला बारा वाजता सहा तासांचं औषध लावलं, तर तो रात्र स्टँडवर काढणार. वेळ बसतच नसेल, तर तारखेबरोबरच आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय पाहायची. सिस्टरच्या डोक्यात जे होतं ते असं नियमात आलं, आणि वशिल्याचा आरोपही थांबला.

मुक्कामाचं महत्त्व आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. परळचं टाटा मेमोरिअल १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून देशभरातून माणसं तिथे येताहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना जागा मिळते, ती उपचाराइतकीच मोलाची. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड देशातली कॅन्सर केंद्रं एकमेकांना जोडत आहे, जेणेकरून चांगले उपचार घराजवळ मिळावेत. अंतर कमी होणं हा खरा उपाय. तोवर निदान वेळ तरी नीट द्यायला हवी.

सगळ्यांत अवघड काय गेलं? विश्वास. साडेअकराची वेळ दिली तरी लोक सातलाच यायचे. आणि खिडकीवरची मुलगी म्हणायची, "बिचारे पहाटेपासून बसलेत, घ्या त्यांना आधी." दया खरी होती, पण त्यामुळे नऊची वेळ पाळून नऊला आलेला मागे पडायचा आणि पुढच्या वेळी तोही सातला यायचा. दिलेली वेळ हे रुग्णालयानं दिलेलं वचन असतं. ते बरेच दिवस सलग पाळलं गेलं, तेव्हा कुठे लोक साडेअकराला यायला लागले. त्यात सॉफ्टवेअरपेक्षा त्या मुलीचा आणि सिस्टरांचा वाटा मोठा.

जादू झाली नाही. अजूनही दिवस बिघडतात. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकतात, योजनेची मंजुरी लांबते, दिवाळी-गणपतीत सगळेच तारीख पुढे मागतात आणि पुढचा आठवडा तुंबतो. पण जिन्यावरची गर्दी ओसरली. आणि अकरा वाजेपर्यंत जो आला नाही त्याच्या नावाची यादी पडद्यावर येते, त्याला फोन जातो. न येण्याची कारणं ऐकलीत तर कळेल: सोबतीला माणूस नाही, गाडीभाडं नाही, 'दोन कामं बुडाली, आता मुलगा नाही म्हणतो.' उपचार अर्धवट सुटतात ते असे. वाट पाहणं हा नुसता मनस्ताप नाही. प्रत्येक वाया गेलेल्या दिवसानं पुढच्या तारखेला येणं थोडं कठीण होतं.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. घरात कुणाची केमो असेल, तर पहिल्याच दिवशी विचारा: औषधाला प्रत्यक्ष किती वेळ लागतो, रक्ताची तपासणी आदल्या दिवशी गावात चालेल का, आणि कुठल्या वारी गर्दी कमी असते. परतीच्या गाडीची वेळ आपण होऊन सांगा. येणं जमणार नसेल तर आधी कळवा, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी लागेल. आणि केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट अजिबात पाहू नका. रात्र असो की रविवार, लगेच रुग्णालय गाठा.

आपल्यात डॉक्टर आहेत, दोघा-तिघांच्या लॅब आहेत, काही जण ट्रस्टवर आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच की, पुढच्या बैठकीत खर्च आणि खाटांबरोबर आणखी एक आकडा मागा: आमच्याकडे रुग्ण किती वेळ थांबतो? तो मोजायला मोठ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. एक घड्याळ, एक वही आणि आठवडाभर दारात बसणारा एक प्रामाणिक माणूस पुरतो. पुढचं गणित करायला मी येईन, पैसे घेणार नाही.

आणि जे मोठ्या रुग्णालयांच्या जवळ राहतात, त्यांनी आपलं नाव आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकून ठेवा. गावाकडच्या कुणाला आदल्या रात्री टेकायला एक खोली, सकाळी सोबतीला एक माणूस, एवढं आपल्यापैकी बऱ्याच जणांना जमण्यासारखं आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला घंटेप्रमाणे वागायला शिकवलंत. आज तुमच्यासमोर उभं राहून वेळेबद्दल बोलायला मिळालं आणि दिलेल्या वेळेत संपवताही आलं, याचा आनंद आहे.